थर्स्टन यांचे संशोधन आणि उद्धरणांचा हिशेब

मित्रहो, नांदेड, लातूर, परभणी, बीड अशा ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतून येथे आलेल्यांपैकी बहुतेक जण एक तर पीएच.डी. करत आहेत किंवा पदोन्नतीसाठी शोधनिबंधांचे गुण जुळवत आहेत. त्यामुळे संशोधकाचे काम त्याच्या उद्धरणांच्या संख्येवरून, म्हणजे सायटेशनवरून, जोखता येते का, हा प्रश्न आपल्या रोजच्या जगण्यातला आहे. टोपॉलॉजीत, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारगुणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थितिशास्त्रात, ते तसे जोखता येत नाही असे माझे ठाम मत आहे आणि ते मी अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांच्या कारकिर्दीच्या आधारे मांडणार आहे.

थर्स्टन यांचा जन्म १९४६ चा. १९७२ साली बर्कली येथे डॉक्टरेट मिळवल्यावर सुरुवातीची काही वर्षे त्यांनी फोलिएशन या विषयाला दिली. एखादा अवकाश कमी मितीच्या थरांमध्ये सलगपणे कसा विभागता येतो, याचा अभ्यास त्यात होतो. तेथे त्यांनी इतक्या झपाट्याने अवघड प्रमेये सिद्ध केली की, आता या विषयात करण्यासारखे फारसे उरणार नाही अशा समजुतीने लोक तो सोडून जाऊ लागले आणि विद्यार्थ्यांनाही तिकडे न जाण्याचा सल्ला देऊ लागले. थर्स्टन यांनी १९९४ साली एका निबंधात हे स्वतःच नोंदवले आहे आणि विषय मुळीच संपलेला नव्हता, असेही म्हटले आहे. आता विचार करा, विषयात लिहिणारेच कमी झाले तर उद्धरणे देणार कोण? येथे एका माणसाच्या कामाचा प्रभाव फार मोठा होता आणि नेमक्या त्याच कारणाने तो आकड्यांत उमटण्याची शक्यता कमी झाली.

या अनुभवानंतर त्यांनी कामाची रीतच बदलली. त्रिमितीय अवकाशांकडे वळल्यावर केवळ प्रमेये सिद्ध करून पुढे न जाता, इतरांना त्या मार्गाने चालता यावे यासाठी त्यांनी वेळ दिला. १९७८ ते १९८० या काळात प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांची टिपणे टपालाने जगभर पोहोचली आणि एका संपूर्ण पिढीने त्यांवरून हायपरबोलिक भूमिती, म्हणजे जिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते ती भूमिती, शिकून घेतली. ही टिपणे कोणत्याही नियतकालिकातील शोधनिबंध नव्हती. १९८२ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्यांनी आपले भूमितीकरणाचे अनुमान, म्हणजे खरे वाटणारे पण तेव्हा सिद्ध न झालेले विधान, मांडले : प्रत्येक बंदिस्त त्रिमितीय अवकाश ठरावीक पद्धतीने कापला असता त्याच्या प्रत्येक तुकड्यावर आठ भूमितींपैकी एखादी भूमिती नांदते. ज्या बंदिस्त त्रिमितीय अवकाशातील प्रत्येक फास आवळून एका बिंदूत आणता येतो तो त्रिमितीय गोलच असतो, हे फ्रेंच गणितज्ञ पॉइन्कारे यांचे १९०४ पासूनचे अनुमान या विधानाच्या पोटातच येते. त्याच लेखाच्या शेवटी २४ प्रश्नांची यादी होती.

त्या यादीने पुढच्या तीस वर्षांच्या संशोधनाची दिशा ठरवली. रशियन गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२ आणि २००३ मध्ये तीन निबंध अर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर ठेवून भूमितीकरण सिद्ध केले. ते त्यांनी कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवलेच नाहीत, त्यामुळे केवळ नियतकालिकांतील लेखांना गुण देणाऱ्या पद्धतीत त्यांची किंमत शून्य भरते. यादीतील आणखी एका प्रश्नाची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. गणितज्ञ कॅनन आणि थर्स्टन यांनी १९८० च्या दशकात एका विशेष परिस्थितीत दाखवून दिलेली चित्रणे, म्हणजे एका अवकाशाच्या सीमेवरून दुसऱ्याच्या सीमेवर नेणारी सलग फलने, व्यापक परिस्थितीतही अस्तित्वात असतात का, असा तो प्रश्न होता. त्या दोघांचा मसुदा वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिला, लोक त्यावर पुढचे काम करत राहिले आणि तो छापला गेला २००७ साली. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले महान महाराज यांनी पृष्ठभागांच्या समूहांसाठी, म्हणजे पृष्ठभागांवरील फासांपासून बनणाऱ्या बीजगणिती रचनांसाठी, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर दिले. तो निबंध २०१४ साली ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला. प्रश्न आणि उत्तर यांत ३२ वर्षांचे अंतर आहे.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळतात याचा आकडा, मात्र मागील दोनच वर्षांतील लेखांवरून काढतात. संशोधकाचा एच-निर्देशांक हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला : ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उद्धरणे आहेत, त्याचा निर्देशांक किमान दहा. त्याची रचनाच अशी आहे की तो एकूण निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणजे पाचच निबंध लिहिणाऱ्याचा निर्देशांक, ते निबंध कितीही थोर असले तरी, पाचाच्या वर जाणार नाही. उद्धरणांच्या आकड्यांवर विसंबून निर्णय घेण्यातील धोके आंतरराष्ट्रीय गणित संघाच्या समितीने २००८ च्या अहवालात दाखवून दिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ च्या नियमांत, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढली, आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. आपल्याकडे या सक्तीपायी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे कितीतरी हुशार मुले वळली, याचे मला फार दुःख आहे.

म्हणून निवड समितीत बसणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की उमेदवाराने स्वतः निवडलेले दोन निबंध मागवा, ते खरोखर वाचा आणि त्यातून कोणता प्रश्न पुढे गेला हे त्याला फळ्यावर मांडायला सांगा. विद्यार्थ्यांसाठी सांगतो, थर्स्टन यांची ती टिपणे आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. एम.एस्सी.ला मूलभूत समूह आणि आच्छादक अवकाश शिकला असाल, तर ऑर्बिफोल्डवरच्या, म्हणजे सममितीनुसार घडी घातल्यावर मिळणाऱ्या अवकाशांवरच्या, तेराव्या प्रकरणापासून सुरुवात करता येईल.