आतली खोली

नमस्कार श्रोतेहो.

फोंडा महालातल्या एका गावच्या वाचनालयात मी तीस वर्षं पुस्तकं सांभाळली. मंगळुरी कौलांची इमारत, पुढे वर्तमानपत्रांचं लांब टेबल आणि मागे, दोन पायऱ्या उतरून, जुन्या पुस्तकांची खोली. तिला आम्ही नुसतं ‘आतली खोली’ म्हणायचो. दिवसा तिथं कुणी फारसं जात नसे. रात्री तर मीही टाळायचे.

एका आषाढात मात्र जावं लागलं. संध्याकाळपासून पाऊस धरून होता, आतल्या खोलीचं कौल सरकल्याचा निरोप आला. वीज गेलेली. शिपाईकाका आणि मी, दोघंच, हातात एक बॅटरी आणि काखेत प्लास्टिकचे ताव.

त्या खोलीत शिरल्याबरोबर बाहेरचा पाऊस एकदम लांब गेल्यासारखा वाटला. कागद आवाज शोषून घेतो. चारही बाजूंनी छतापर्यंत पुस्तकं असली की शब्द भिंतीवर आपटून परत येत नाहीत, त्यामुळे काका दहा हातांवरून बोलले तरी कानाशी कुजबुजल्यासारखं ऐकू येई. आणि तो वास! जुन्या कागदातलं लाकडाचं सत्त्व सावकाश विरघळतं, त्यातून हा गोडसर, जरा व्हॅनिलासारखा वास सुटतो. आपल्याला तो आवडतो. पण तो कागद झिजत असल्याचा वास आहे, हे कळल्यापासून मला तो पूर्वीसारखा घेता आला नाही.

कपाटांच्या दोन ओळींच्या मधे, अगदी टोकाला, कुणीतरी उभं होतं. मी तिकडे पाहिलं आणि ते नाहीसं झालं. नजर वळवली, पुन्हा तिथंच. घशाला कोरड पडली हो माझ्या. पुढे वाचनात आलं की अंधारात आपल्या डोळ्याचा मधला भाग जवळजवळ आंधळा असतो, कडेच्या भागाला तेवढं दिसतं. म्हणून रोखून पाहिलं की वस्तू विरते आणि तिरकी नजर टाकली की उभी राहते. तिथं खुंटीला टांगलेली जुनी छत्री होती. पण हे ज्ञान त्या घटकेला माझ्याजवळ नव्हतं.

आणि मग तो आवाज आला. टक टक टक टक. थांबला. पुन्हा टक टक टक. मागच्या भिंतीकडून, काठी हलकेच आपटावी तसा.

काका म्हणाले, “भियेनाका बाये, राखणदार आसा.” राखणदार म्हणजे देवचार; गोव्यातल्या श्रोत्यांना तो समजावून सांगायला नको. खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्री गावची सीव फिरून राखणारा. लोक त्याला विडी ठेवतात, रोट ठेवतात, वहाणा वाहतात. काकांनी तिथल्या तिथे हात जोडले. मीही जोडले, हे आज सांगताना मला संकोच वाटत नाही.

आम्ही प्लास्टिक अंथरलं आणि निघालो. सकाळी उजेडात मी त्या भिंतीकडचं कपाट उघडलं. पुस्तकं ओळीने उभी, पुठ्ठे शाबूत, पाठीवरची सोनेरी अक्षरंसुद्धा. एक हातात घेतलं आणि अंगावर काटा आला. त्याला वजनच नव्हतं. वाळलेल्या पिंपळपानासारखं हलकं. उघडलं तर आत मातीच्या नळ्या, बाकी पोकळ. दुसरं घेतलं, तेही तसंच. ओळीच्या ओळी नुसती कवचं. रात्रीच्या अंधारापेक्षा त्या सकाळची भीती माझ्या मनात जास्त राहिली.

वाळवीच्या काही जातींतले शिपाई धोका जाणवला की लाकडावर डोकं आपटतात, बाकीच्यांना इशारा म्हणून. शांत खोलीत तो आवाज माणसालाही ऐकू येतो. आमच्या पावलांनी फळी हलली आणि ते खबर देत होते.

ती पुस्तकं कुठली होती, तेही सांगते. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला, तशा गावोगाव मराठी शाळा आणि वाचनालयं निघाली. मुंबईहून बोटीने आलेल्या पेट्यांतून पुस्तकं पणजीला उतरत, तिथून आत गावांत जात. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापील शब्दावर सेन्सॉरचा पहारा होता, त्या दिवसांतही ही पुस्तकं लोकांनी जपून वाचली. पहाऱ्यातून वाचलेली पुस्तकं भिंतीतल्या ओलीने आणि वाळवीने गेली.

पणजीचं सरकारी ग्रंथालय तर 1832 सालचं. ‘पब्लिका लिव्रारिया’ हे त्याचं पहिलं नाव, आज ते पणजीतल्याच पाटो भागात, जुन्या काळचे गोमंतकीय कवी कृष्णदास शामा यांच्या नावाने उभं आहे. मोठ्या संस्थेला जतनाची साधनं मिळू शकतात. गावच्या वाचनालयाला एक शिपाई आणि डांबराच्या गोळ्या. शिवाय आपल्याकडच्या जुन्या पोर्तुगीज कागदांना आणखी एक शत्रू आहे, तो त्यांच्या पोटातच. माजूफळ आणि हिराकस यांची ती शाई कालांतराने कागद जाळते. अक्षर असतं तिथं अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं.

पोर्तुगालातल्या कुइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या वाचनालयात वटवाघळं राहतात. रात्री ती पुस्तकं खाणारे किडे टिपतात. टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालून कर्मचारी घरी जातात, सकाळी येऊन विष्ठा पुसतात. मला त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते. रात्रीच्या वाचनालयात कोण जागं असतं, हे त्यांना नीट कळलं आहे.

आम्ही सगळी कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली, पायांखाली रॉकेलच्या वाट्या ठेवल्या. दाखल नोंदवहीत एकेका नावासमोर लाल शाईने ‘रद्द’ लिहायला मला चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काका जवळ येऊन बसले. म्हणाले, “त्याने सांगितलं होतं ना, बाये. आपल्याला काठीच ऐकू आली.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात, दर आठवड्याला एकदा, वाचनालय बंद झाल्यावर मी दिवा मालवून आतल्या खोलीत जायचे. प्रत्येक कपाटाच्या फळीला कान लावायचे, आणि श्वास रोखून उभी राहायचे. काका दाराशी विडी ठेवायचे. मी त्यांना कधी अडवलं नाही.