सात डोंगर, एक पाळ

गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे नवेगाव बांध. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे नजर पोचेल तिथवर पाणी. देवाने घडवलेलं सरोवर वाटतं ना? हे गावकऱ्यांनी बांधलंय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळीने डोंगरांमधली वाट मातीच्या पाळीने अडवली, असं परंपरा सांगते. सभोवतालची सात शिखरं म्हणजे सातबहिणी. त्या कोलूच्या मदतीला धावल्या. आणि कोलू? तो कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारी गावं फार नसतील!

कोहळी समाजाचे लोक सांगतात, त्यांचे पूर्वज काशीकडून आले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने त्यांना शब्द दिला होता: जंगल साफ करा, तलाव बांधा, त्याच्या पाण्याने भिजेल ती जमीन तुमची. मग या मुलखात गावोगावी तलाव झाले, बोड्या, म्हणजे लहान तळी, झाल्या. वरच्या तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून धानाच्या बांध्यांत. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. तलावही खोल राहायचा, धानही पिकायचं.

पाणी कोहळ्यांचं, तर मासळी धिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची.

१९५१ च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची व्यवस्था, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. लोक त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. शेतकऱ्यांचा निस्तार हक्क होता, म्हणजे पाणी फुकट मिळत होतं. त्यामुळे सरकारने पाणीपट्टी मागितली तेव्हा वाद पेटले. मालक बदलला, पण गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न मधल्या मधे राहिला. ती व्यवस्था मोडली हेच खरं नुकसान, असं आम्हाला वाटतं.

१९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात, त्यांच्यामागे पर्यटक.

तालुक्यातल्या लहान तलावांत मात्र बेशरम नावाचं तण माजलं. रोहू, कटला सोडले, गावठी मासळी घटली. उपाय धिवरांनीच शोधला, आणि त्यात बाया पुढे आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बेशरम मुळासकट उपटायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि मूळच्या पाणवनस्पती लावायच्या. गावठी मासे त्यांच्याच आडोशाला अंडी घालतात. हे सगळं पहिल्या पावसाआधी उरकावं लागतं.