पूल मंजूर झाला, मग काम कुठं अडलं? नाबार्डच्या कर्जाचा हिशेब

नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की भोगावती, कुंभी, कासारी नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. बंधारा बांधला पाणी अडवायला, पण आपल्याकडं त्याच्यावरनं मोटरसायकलीही जातात आणि उसाच्या ट्रॉल्याही. त्यामुळं गावाची मागणी एकच, शेजारी पूल द्या. मग चौकात फलक लागतो: 'पुलासाठी १० कोटी मंजूर'. दोन वर्षांनी बघावं तर नदीत दोन पिलर, आणि वर गंजलेल्या सळ्या.

पैसे मंजूर झाले आणि पैसे आले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज तेवढंच समजून घेऊया.

[स्क्रीनवर: आरआयडीएफ, १९९५-९६ पासून]

अशा पुष्कळ पुलांमागं नाबार्डचं, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचं, कर्ज असतं. निधीचं नाव ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी, म्हणजेच आरआयडीएफ. शेती आणि इतर अग्रक्रम क्षेत्राला कर्ज द्यायचं उद्दिष्ट ज्या बँका पूर्ण करत नाहीत, त्यांना कमी पडलेल्या रकमेपोटी नाबार्डकडं ठेव ठेवावी लागते. त्या ठेवीतनं नाबार्ड राज्य सरकारला कर्ज देतं. लक्षात घ्या, राज्य सरकारला. ग्रामपंचायतीला नाही, जिल्हा परिषदेलाही नाही. फेडायचं ते राज्यानं.

आता १० कोटींच्या पुलाचा हिशेब मांडू. ग्रामीण रस्ते आणि पुलांना पात्र खर्चाच्या ८० टक्के कर्ज मिळतं, म्हणजे ८ कोटी. उरलेले २ कोटी राज्याचे. त्या ८ कोटींतले २० टक्के, म्हणजे १ कोटी ६० लाख, सुरुवातीला आगाऊ मिळतात. बाकीचे ६ कोटी ४० लाख? ते आधी खर्च करायचे, मग मागायचे. सगळी गोम इथंच आहे.

म्हणजे होतं काय, ठेकेदार काम करतो, शाखा अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद घेतो, उपविभागातनं विभागाकडं रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामापुरतं बिल, जातं. ते बिल भागतं राज्याच्या बजेटमधनं. बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी पडला तर चेक निघतो, नाही तर बिल पडून. आणि बिल भागलं नाही तर खर्च दिसत नाही, खर्च दिसत नाही तर नाबार्डकडं परताव्याची मागणी जात नाही. ठेकेदार दोन बिलं थकेपर्यंत दम धरतो, तिसऱ्याला मशिनरी दुसऱ्या साइटवर नेतो. त्याला नुसता दोष देऊन उपयोग नाही, त्याचंही व्याज चालूच असतं.

परतफेड सात वर्षांत, त्यातली पहिली दोन सवलतीची. त्या दोन वर्षांत मुद्दल नाही, व्याज मात्र सुटत नाही. व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा दीड टक्का कमी, म्हणून राज्याला हे कर्ज परवडतं. ही मुदत प्रत्येक उचलीपासून वेगळी मोजतात.

बरं, पैसा वेळेवर आला तरी नदी ऐकते का? ऑक्टोबरात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, आणि पायाचं काम करायचे महिनेही तेच. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पूल घेतला तरी सुटका नाही, कारण पुढच्या बंधाऱ्याचा फुगवटा तिथवर आलेला असतो. पाणी सोडा म्हणावं, तर ऊस वाळतोय म्हणून शेतकरी उभे. जलसंपदा विभागाशी पाणीपातळीचं वेळापत्रक आधी ठरलं नसेल, तर अख्खा हंगाम पंप चालवण्यात जातो.

दुसरं, पाया. अंदाजपत्रकात खडक सहा मीटरवर धरलेला आणि खोदल्यावर निघाला नवावर, तर वाढीव कामाला सुधारित मान्यता लागते. ती येईस्तोवर तो खर्च बिलात धरता येत नाही. म्हणून खडक तपासायचे बोअर प्रत्येक पिलरच्या जागी घेतलेत का, हे निविदेआधी विचारा.

तिसरं, पूरपातळी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुन्या पूरपातळीवर आखलेला पूल नव्यानं उंच करायचा म्हटलं की लांबी वाढते, खर्च वाढतो, मान्यता पुन्हा पहिल्यापासून.

आणि पोहोच मार्ग! पूल उभा, पण दोन्ही बाजूला खासगी ऊस. संपादन झालेलं नाही. माझ्या मते पुलापेक्षा या दोन तुकड्यांनीच जास्त कामं अडकतात.

शहरवाल्यांसाठी थोडक्यात: याच धर्तीचा नागरी पायाभूत सुविधा विकास निधी २०२३ पासून राष्ट्रीय गृहनिर्माण बँक चालवते. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत कोल्हापूर बसतं. तिथंही कर्जदार राज्यच.

आता तुम्ही काय करायचं? आधी रस्ता कुणाचा ते बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडं. मग त्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'काम का थांबलं' असं विचारू नका, त्याला गोल उत्तर मिळतं. कागद मागा.

[स्क्रीनवर ठेवा, स्क्रीनशॉट घ्या]
नाबार्डच्या निधीचा टप्पा क्रमांक (दर वर्षाचा वेगळा) आणि मंजूर कर्ज. प्रशासकीय मान्यतेची प्रत. कार्यारंभ आदेश. शेवटच्या रनिंग बिलाचा क्रमांक, रक्कम आणि ते भागल्याची तारीख. पोहोच मार्गाचे गट नंबर आणि त्यांच्या संपादनाची स्थिती.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं जायचं. तो अर्ज कसा लिहायचा, नमुना खाली डिस्क्रिप्शनमध्ये आहे.