तीन हाडांची पट्टी

(दृश्य: ओट्यावर स्टीलचं मोठं पातेलं. पाण्यात बुडवलेल्या मांसाच्या पट्ट्या. पाणी हळूहळू गुलाबी होतंय.)

पहिलं पाणी ओतून द्यायचं. दुसरंही. तिसऱ्या पाण्यात तळ दिसायला लागला की मग पुढचं काम.

हे सुवॉन. दक्षिण कोरियातलं, सोलच्या दक्षिणेला असलेलं शहर. छुसक परवावर आलाय. सुगीचा सण, पौर्णिमेचा. बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडतो, एखाद्या वर्षी थेट कोजागरीला. ओट्यापाशी उभ्या आहेत त्यांना आम्ही मावशी म्हणतो. कोरियनमध्ये मावशीला ‘इमो’ म्हणतात, आणि आईच्या मैत्रिणीपासून खानावळीत वाढणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना इमोच म्हणून हाक मारतात. नातं जोडायला आम्हाला फार वेळ लागला नाही.

पातेल्यात आहे गाल्बी, गोमांसाची. शब्दाचा अर्थ नुसता ‘बरगडी’. मावशी एकेक पट्टी नळाखाली धरतात आणि हाडाच्या कडेवरून अंगठा फिरवतात. हाड करवतीने कापलेलं असतं, त्याचा भुसा मांसाला चिकटून राहतो. तो निघाला नाही तर उद्या घास दाताखाली कचकचणार.

(दृश्य: पट्टी जवळून. कडेला ओळीने तीन हाडांच्या चकत्या, खाली लोंबणारं मांस.)

ही पट्टी नीट बघा. हाडाच्या लांबीने नाही, आडवी कापली आहे. जाडी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. हिला म्हणतात एलए गाल्बी. एलए म्हणजे लॉस एंजेलिस, असं बहुतेकजण सांगतात. 1965 मध्ये अमेरिकेने स्थलांतराचे नियम बदलले, कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने तिकडे गेली आणि तिथल्या खाटकाकडे मिळणारी आडवी कापलेली बरगडीच त्यांनी मसाल्यात घातली. दुसरा पक्ष म्हणतो, एलए हे ‘लॅटरल’ म्हणजे आडवं, याचं लघुरूप. मला पहिली गोष्ट जास्त पटते.

खुद्द सुवॉनची जुनी पद्धत मात्र वेगळी. तिथे हाड लांब ठेवतात, आणि त्याला चिकटलेलं मांस सुरीने पातळ उलगडत नेतात. हाड न सोडता, गुंडाळी सोडवावी तसं. मग त्यावर तिरप्या चिरा. माझ्या मते गाल्बीचं खरं कसब मसाल्यात नाहीच, ते या सुरीत आहे. घरोघरी ते कसब आता कोणाकडे राहिलेलं नाही. मावशी हसून कबूल करतात, “माझ्या आईला यायचं. मला करवतीचीच सवय.”

(दृश्य: ह्वासोंग किल्ल्याची तटबंदी, संध्याकाळ.)

सुवॉनलाच गाल्बीचं नाव का चिकटलं? कोरियाच्या जुन्या जोसॉन राजवटीत बैल म्हणजे नांगर. तो कापायला बंदी होती. बंदीचे हुकूम पुन्हा पुन्हा निघत, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा खात होते, हे उघडच आहे. 1794 ते 1796 मध्ये राजा जोंगजोने हा किल्ला बांधला. आसपासची जमीन कसायला त्याने शेतकऱ्यांना बैल दिले, गुरं वाढली आणि इथे गुरांचा मोठा बाजार उभा राहिला, असं सांगतात. बाजार आला की खानावळी आल्याच. 1940 च्या दशकात इथे निघालेल्या ह्वाचुनओक नावाच्या खानावळीपासून सुवॉनच्या गाल्बीचा लौकिक सुरू झाला. सुवॉनचे लोक मसाल्यात सोया सॉसऐवजी मीठ वापरतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

मावशी सुवॉनच्या असून सोया सॉस वापरतात. त्यांचं सासर दुसरीकडचं.

(दृश्य: किसणीवर नाशपाती. रस वाडग्यात ठिबकतोय.)

दोन किलो मांसाला एक कप गानजांग, म्हणजे सोया सॉस. तेवढंच पाणी. अर्धा कप साखर. एक कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, आल्याचा लहान तुकडा, मिरपूड, थोडी तांदळाची दारू. आणि एक कोरियन नाशपाती, गोल, पिवळसर, मुठीत न मावणारी. हिच्यातली विकरं मांसाचे धागे सैल करतात. आपल्याकडे कबाबाला कच्च्या पपईचा कीस चोळतात, तेच हे. नाशपाती मिळाली नाही तर किवी घालतात, पण किवी दांडगा. जरा जास्त पडला किंवा जास्त वेळ राहिला की मांसाचा लगदा होतो.

तिळाचं तेल मावशी सगळ्यात शेवटी घालतात. आधी घातलं तर मांसावर तेलाचा थर बसतो आणि सॉस आत शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एकेक पट्टी मसाल्यात बुडवून डब्यात थरावर थर. डबा फ्रीजमध्ये, उद्या संध्याकाळपर्यंत.

एक सांगायचं राहिलं. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल, वळू सगळ्यांच्याच कत्तलीवर बंदी आहे. पण कोरियात साधारण असाच मसाला डुकराच्या बरगड्यांनाही लावतात, त्याला त्वेजी गाल्बी म्हणतात.

(दृश्य: दुसरा दिवस. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, मध्ये छोटी गॅस शेगडी. सगळ्या खिडक्या उघड्या.)

खानावळीत कोळसा असतो, वर धूर ओढणारा पाइप असतो. अकराव्या मजल्यावरच्या घरात यातलं काही नाही. म्हणून वर्तमानपत्रं, म्हणून खिडक्या. मसाल्यात साखर आहे, तेव्हा मोठ्या आचेवर बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं. आच मध्यम. पट्टी सतत उलटायची. तव्यावर काळी साय धरली की कागदाने पुसून पुढचा घाणा.

मांस शिजलं की सुरी नाही, कात्री. मावशी चिमट्याने पट्टी उचलतात आणि कचाकच तुकडे पाडतात. सॅलडच्या पानावर केन्निपचं, म्हणजे तुळशीच्या कुळातल्या पेरिलाचं पान, त्यावर मांस, लसणाची कच्ची चकती, बोटभर स्साम्जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी. मग विड्यासारखी पुडी बांधायची आणि अख्खी तोंडात. अर्धी तोडून खाल्ली तर सगळं मांडीवर.

(दृश्य: ताटलीत कापून उरलेली हाडं.)

हाडाभोवतीचा पांढरा पडदा कात्रीने निघत नाही. गाल्बी खाण्याला कोरियनमध्ये खास क्रियापद आहे, ‘त्तुत्ता’, म्हणजे ओरबाडून तोडणं. नातू दोन्ही हातांनी एक हाड धरून बसलाय. त्याची आई टिश्यू पेपर पुढे करते, तो घेत नाही.

मावशी इतका वेळ नुसत्या वाढत होत्या. आता शेगडी बंद करतात, ताटली स्वतःकडे ओढतात आणि त्यातलं सगळ्यात मोठं हाड निवडतात.