पहाडाचं पाणी आणि गुरुजींचा हजेरीपट

(गुरुजींच्या पहिल्या स्मृतिदिनी वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, समोर बसलेल्या गुरुजींच्या सूनबाई, आणि रविवारी पहाटे घरच्यांची झोपमोड करून पहाडाकडे पळणारी आपली सगळी जमात, नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘सातपुड्याचं पाणी आणि आपली पायपीट’. वेळ पाऊण तास. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, तेही मी पाहिलं. विषयावर येतोच. पण आधी या बॅनरबद्दल बोलू द्या, नाहीतर मला आज जेवण जाणार नाही.

मागे बघा. गुरुजींचा फोटो झकास आहे. टोपी, खांद्यावर दुपट्टा, हातात छत्री. आणि त्यांच्या पाठीमागे काय? बर्फ! अहो, गुरुजी जन्मात बर्फाजवळ गेले असतील तर रसवंतीवर. त्यांनी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे चिखलदऱ्याजवळचं वैराट, 1178 मीटर, आणि तिथंही ते मफलर बांधून बसायचे. मी फ्लेक्सवाल्या पोराला विचारलं, “बाबू, हा कुठचा पहाड टाकला बे?” तो म्हणे, “काका, पहाड टाइप केलं का हाच येते.” म्हटलं, आपल्या नरनाळा किल्ल्याचा टाक ना. “टाकून पाह्यला काका. त्यात पहाड दिसतच नाही, नुसते झाडंच दिसते.”

आता या पोराला काय बोलणार? आपल्यातल्या शिकल्यासवरल्यांची कथा वेगळी आहे का? पश्चिम महाराष्ट्रातला कुणी भेटला की पहिला प्रश्न, “तुमच्या विदर्भात ट्रेकिंगला आहे काय?” आणि आपण ओशाळून हसतो. अरे, श्रावणात नागद्वारीला पचमढीचे कडे कोण चढतं? महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड कोण चढतं? धारगडला, सालबर्डीला कोण जातं? आपलेच आजे-पणजे. अनवाणी, भाकरी बांधून, ‘हर बोला’ करत. त्याला कुणी ट्रेकिंग म्हटलं नाही, कारण त्यांच्या पायात साडेचार हजाराचे बूट नव्हते. (टाळ्या नकोत, वेळ जातो.)

गुरुजी याच रस्त्यानं पहाडावर आले. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही, पण पोरं बसली आहेत म्हणून सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून नऊशेच्या आसपास गावं अशी आहेत, की विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारट. साबणाला फेस नाही, तुरीची डाळ शिजत नाही, ओलीत करावं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होते. वान धरणाचं पाणी नळानं आलं त्याच्या आधीच्या काळात गुरुजींची आई गोड्या पाण्याचा हंडा वेगळा झाकून ठेवायची, पाहुण्यांसाठी. घरच्यांनी खारट प्यायचं. असं हे पोरगं बापाच्या खांद्यावर बसून धारगडच्या यात्रेला गेलं आणि खडकातून झिरपणारं पाणी ओंजळीनं प्यालं. गुरुजी म्हणायचे, “मले तं वाटलं का कोनं साखर टाकली. मंग बापाले इचारलं, एवढं गोड पानी वरतं काहून ठेवलं, खाली आपल्याकडं काहून नाही?” बापानं रागावून गप्प केलं. पुढं नोकरी लागली तीही पहाडाच्या पायथ्याच्या जिल्हा परिषद शाळेत. प्रश्न डोक्यात होताच.

त्यातून ते रजिस्टर आलं. शाळेच्या जुन्या हजेरीपटांतली कोरी पानं गुरुजी जपून ठेवत. मुलांच्या नावांच्या जागी झऱ्यांची नावं. आंब्याखालचा झरा, माकडडोह, म्हातारीचं टाकं. यातली निम्मी त्यांनी पहाडातल्या कोरकू आदिवासी गुराख्यांकडून घेतली आणि निम्मी स्वतः ठेवली. पुढं महिन्यांचे रकाने, आणि त्यात हजर, गैरहजर. एका झऱ्यापुढं शेरा आहे, ‘वारंवार उशिरा येतो’. पाणी किती आहे तेही मोजायचे. तांब्या धारेखाली धरायचा आणि पाढा म्हणायचा. एकोणतीसचा पाढा पुरा व्हायच्या आत तांब्या भरला तर झरा पास. सोबतच्या पोरांना एकोणतीसचा पाढा येत नसे, म्हणून त्यांची दोन कामं एकदम व्हायची.

तो डॉक्टरांचा किस्सा सांगतो. डॉक्टर आले नाहीत ना आज? मग सांगतोच. मार्चचा महिना, होळी झालेली. शहरातले एक डॉक्टर नवीन सामान घेऊन आपल्यासोबत निघाले. पाठीवर नळीवाली पिशवी, म्हणजे चालता चालता प्यायची सोय. गुरुजींनी नुसतं पाहिलं. अकरा वाजता पिशवी रिकामी, डॉक्टर लाल. गुरुजी एका कोरड्या नाल्यात उतरले. आम्हाला वाटलं सावलीला चालले. तिथं वळणाच्या आतल्या बाजूला, करंजाच्या मुळांजवळ बसून हातानं रेती उकरायला लागले. हातभर उकरली तशी खालची रेती काळपट झाली. मग म्हणाले, “आता बिड्या ओढा. घाई करू नका.” त्या उकरलेल्या खड्ड्यात, म्हणजे झिऱ्यात, पाणी साचायला अर्धा तास लागला. आधी गढूळ आलं ते उपसून टाकलं, मग निवळ आलं. दुपट्ट्यातून गाळून डॉक्टरांना दिलं. डॉक्टर म्हणतात, “हे उकळलं पाहिजे.” गुरुजी म्हणाले, “उकळा ना साहेब. तुमच्या पिशवीत चूल हाय का?”

प्याले. काही झालं नाही. निघताना आमच्यातला एक जण झिरा बुजवायला लागला, कचरा होऊ नये म्हणून. त्याला गुरुजींनी हाकच मारली, “राहू दे लेका. रातच्यानं साळिंदर येईन, मोर येईन. आपन प्यालो, त्याईनं का गुन्हा केला?” वळणाच्या आतल्या बाजूलाच का उकरलं, हे मी नंतर विचारलं. तिथं पुराचा जोर कमी, रेती जाड थरानं साचते, आणि त्या थरात पाणी धरून राहतं. हे त्यांना एका कोरकू आजोबांनी शिकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते आजोबांचं श्रेय आधी देत.

गाविलगडावर नेलं की गुरुजींचा इतिहासाचा तास. 1803 साली 29 नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीनं गाविलगड घेतला, हे पुस्तकात आहे. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सननं तोफा डोंगरातून ओढत लबाड्याच्या बाजूनं, म्हणजे उत्तरेकडून आणल्या, हेही आहे. गुरुजी विचारायचे, “तोफा वढनाऱ्या बैलाले पानी कुठं पाजलं?” पोरं गप्प. “साहेबाचं नाव ध्यानात ठेवता, बैलाचं पानी नाही.” मग देवतलाव आणि खानतलाव दाखवायचे आणि म्हणायचे, हे आहेत म्हणून किल्ला आहे. नरनाळ्यावरही पोरं नवगजी तोफेवर बसून फोटो काढतात, महाकाली दरवाज्याच्या नक्षीखाली काढतात. गुरुजी सरळ शक्कर तलावाच्या काठाशी. पाणी कोणत्या पायरीला आहे, ते लिहायला.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं. मुक्कामी येष्टी चुकेल.’ बरं. मग मुख्य विषय.

सातपुडा आपल्या बाजूला बसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या खडकाचा, थरावर थर. दोन थरांच्या मध्ये जिथं भेगाळ, मुरमाड पट्टा असतो तिथून पाणी आडवं सरकतं आणि दरीच्या कडेला झरा फुटतो. चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अकोल्याला त्याच्या निम्मा. म्हणजे गुरुजींच्या बालपणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं असं, की हे पाणी ओढ्यानाल्यांनी पायथ्याला उतरतं आणि तिथल्या गोट्यांच्या, वाळूच्या पट्ट्यात जिरतं. पायथ्याच्या संत्र्याच्या विहिरी त्यावर जगतात. त्याच्या दक्षिणेला पूर्णेचा जुना गाळ, खोल, त्यात क्षार. तिथं ते गोडं पाणी गोडं म्हणून पोचत नाही.

आता माझं म्हणणं. सह्याद्रीत लोक किल्ले मोजतात, मोजू द्या. आपण झरे मोजावेत. गुरुजींच्या हजेरीपटात होळीपर्यंत हजर असणारे काही झरे पुढच्या पानांवर संक्रांतीलाच गैरहजर दिसतात. यावरून लगेच ‘जंगल संपलं, पाणी संपलं’ अशी बोंब मारू नका, मी मारणार नाही. एखादं वर्ष पावसानंच ओढ दिली असेल. म्हणून त्या पानांशेजारी त्या त्या वर्षाचा तालुक्याचा पाऊस लिहायला हवा, तेव्हा कळेल. पाऊस तेवढाच आणि झरा लवकर आटला, असं कुठं दिसलं तर त्या झऱ्याच्या वरच्या उतारावर काय बदललं ते पाहायचं. मोजायला पाढा नको, लिटरची बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. जागा, तारीख, बाटली भरायला लागलेले सेकंद. एवढंच. परवानगी नसलेल्या जंगलात कुणी घुसायचं नाही. तिथलं वनरक्षकांना विचारू, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस अंशांत कुणी मर्दुमकी दाखवायची नाही. त्या महिन्यांची हजेरी सकाळी नऊच्या आत, जवळच्याच झऱ्यांची.

तासाभराचं होतं, घाईत सांगितलं. ज्यांना थरांचं चित्र पाहायचं त्यांनी बाहेर चहाजवळ भेटा, कागद आणलाय.

वहिनी, ते हजेरीपट तुमच्याकडं लोखंडी पेटीत आहेत. आम्हाला मूळ प्रत नको. एका दिवसासाठी द्या, इथंच वाचनालयात बसून झेरॉक्स काढू, पानं पुन्हा तशीच लावून परत करू. कोणत्या दिवशी ते तुम्ही सांगा.

आणि येत्या रविवारी नरनाळा. सकाळी सहाला शहानूरच्या फाटकावर, ओळखपत्र घेऊन. गाडीभाडं ज्याचं त्यानं. रोडगे-वांग्याची भाजी खाली उतरल्यावर, त्याचे पैसे आजच द्या, कारण मागच्या वेळी खाणारे जास्त आणि देणारे कमी झाले होते. अध्यक्ष महोदय, घड्याळ घाला.