विंडो बंद, प्रोग्रॅम चालू

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय तो असा: नव्या प्लॅटफॉर्मसाठी नेटिव्ह, म्हणजे त्याच सिस्टिमच्या साधनांनी बनवलेलं, डेस्कटॉप ॲप लिहायला कसं शिकावं. तुमच्यातले बहुतेक जण विंडोजवर मुरलेले आहेत आणि आता मॅककडे वळताहेत, असं धरून चालतो. स्विफ्ट, म्हणजे ॲपलची प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकायला घेतलेल्यांनी हात वर करा. बघा, निम्मी खोली! आणि रोजचं काम मॅकवर करणारे? चार हात. माझं भांडण आहे ते इथेच.

भाषा हा यातला सोपा भाग. विंडोजवाल्यांची सी-शार्प भाषा चांगली येत असेल तर स्विफ्ट वाचायला फार दिवस लागत नाहीत. अडतं ते प्लॅटफॉर्मच्या रीतिरिवाजांपाशी, आणि ते अंगवळणी पडतात फक्त वापरून.

माझ्या ओळखीच्या एका टीमची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, तुम्हीही तर्क लढवू नका. त्यांनी हिशेबाचं एक ॲप विंडोजवरून मॅकवर आणलं. सगळ्या टेस्ट पास. मग तक्रारी यायला लागल्या: ‘भरलेली माहिती सेव्ह होत नाही.’ टीमने कोड पिंजून काढला, बग काही सापडेना. शेवटी कोणीतरी वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलं, तेव्हा उलगडा झाला. यांच्या डायलॉगमध्ये विंडोजच्या पद्धतीने आधी ओके आणि त्याच्या उजवीकडे कॅन्सल. मॅकवर मुख्य बटण असतं उजव्या टोकाला. माणसाचा हात सवयीने तिकडे जायचा, कॅन्सल दाबलं जायचं, आणि भरलेला फॉर्म गायब. टीमचं म्हणणं, ‘बटणावर स्पष्ट लिहिलंय की!’ अहो, बटणावरचं वाचतं कोण? तुम्ही वाचता? (हशा)

पुढची तक्रार तर आणखी मजेची. लाल बटणाने विंडो बंद केली की यांचं ॲपच संपायचं. मॅकवर सहसा विंडो जाते, ॲप आणि वरचा मेन्यू तिथेच राहतो. एक इंजिनिअर मला म्हणाला, ‘शेवटची विंडो बंद झाली की प्रोग्रॅम संपणारच ना?’ का संपणार? विन३२मध्येसुद्धा, म्हणजे विंडोजच्या मूळ प्रोग्रॅमिंग इंटरफेसमध्येसुद्धा, तो आपोआप संपत नाही! विंडो नष्ट झाल्याचा मेसेज आला की पोस्टक्विटमेसेज हे फंक्शन आपल्याला बोलवावं लागतं. विसरलात तर विंडो गेलेली असते आणि प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये ठाण मांडून बसते. पुढच्या फ्रेमवर्क्सनी (ॲपच्या तयार सांगाड्यांनी) ती ओळ पोटात घेतली, आणि आपण तो निसर्गनियम समजून बसलो.

त्यांनी मजकुराचा चौकोनही स्वतः रंगवला होता. नुसतं एनएसटेक्स्टव्ह्यू, म्हणजे मॅकचा तयार मजकुराचा चौकोन, घेतलं असतं तर स्पेलचेक जवळपास फुकट मिळालं असतं. शिवाय कंट्रोल-ए दाबल्यावर कर्सर ओळीच्या सुरुवातीला गेला असता, ही तिथली जुनी सवय. यांनी त्यावर ‘सिलेक्ट ऑल’ बसवलं!

हे सगळं असं का, तर त्याला इतिहास आहे. क्लासच्या नावांपुढचं ‘एनएस’ आलं नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टिममधून. त्याची पहिली आवृत्ती 1989 ची. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत पहिला वेब ब्राउझर लिहिला तो 1990 मध्ये, नेक्स्टच्याच मशिनवर. डिसेंबर 1996 मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि 2001 मध्ये त्याच पायावरचं मॅक ओएस टेन आलं. ॲपकिटमध्ये, म्हणजे मॅकच्या विंडो-बटणांच्या फ्रेमवर्कमध्ये, शून्यबिंदू खाली डावीकडे असतो आणि वाय वर चढतो, शाळेतल्या आलेखासारखा. विंडोजवाल्याचं पहिलं चित्र हमखास उलटं येतं.

संयोजक घड्याळाकडे बोट दाखवताहेत. तर ज्यासाठी मला बोलावलं होतं तो शिकण्याचा क्रम आता भरभर.

आधी महिनाभर सगळं काम त्याच मशिनवर करा, विंडोज बाजूला ठेवून. मग इव्हेंट लूप समजून घ्या: तुम्ही फ्रेमवर्कला बोलावत नाही, ते तुम्हाला बोलावतं. पडद्याला हात लावायचा तो मेन थ्रेडवरूनच (प्रोग्रॅमच्या मुख्य कामाच्या धाग्यावरूनच), आणि लांबलेलं काम दुसऱ्या थ्रेडवर, नाहीतर कर्सरचा रंगीत भोवरा फिरत बसतो. त्यानंतर डेलिगेट (ज्याच्याकडे निर्णय सोपवले जातात तो), टार्गेट-ॲक्शन (बटण दाबल्यावर कोणी काय करायचं ते) आणि रिस्पॉन्डर चेन (आदेश एकाकडून पुढच्याकडे जाण्याची साखळी). मेन्यूतल्या ‘कॉपी’ला नेमका फोकस असलेला चौकोन कसा सापडतो, हे कळलं की अर्धं ॲपकिट कळलं. 2019 मध्ये आलेलं स्विफ्टयूआय हे ॲपलचं नवं फ्रेमवर्क छान आहे, जरूर वापरा, पण अडलं की उतरावं लागतं ॲपकिटमध्येच.

सराव म्हणून एनएसडॉक्युमेंट या फाइली सांभाळणाऱ्या तयार क्लासवर एक लहानसा टेक्स्ट एडिटर लिहा. उघडणं, ऑटोसेव्ह, अनडू, सगळं त्यात येतं. आणि साइनिंग (ॲपवर आपली डिजिटल सही) शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. 2019 च्या मॅकओएस कॅटलिनापासून, डाउनलोड केलेलं ॲप नोटराइझ (ॲपलकडून तपासून घेतलेलं) केलेलं नसेल तर सिस्टिम ते सहजासहजी उघडू देत नाही. रिकामी विंडो का असेना, ती पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या मशिनवर उघडून दाखवा.

इलेक्ट्रॉनचा, म्हणजे वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनाचा, प्रश्न येणारच, म्हणून उत्तर आधीच देतो. वापरा, पण प्रत्येक ॲपसोबत क्रोमियम ब्राउझरची स्वतंत्र प्रत जाते हे लक्षात असू द्या. आणि त्याच्या सुरुवातीच्या नमुना कोडमध्ये एक अट आहे: सगळ्या विंडो बंद झाल्या की ॲप संपव, मॅक असेल तर नको. ती अट ‘उगाच आहे’ म्हणून खोडलेली मी पाहिली आहे. हं, विचारा आता.