पोरं कामाला का लागतात

नमस्कार श्रोतेहो. 12 जूनला जगभर बालमजुरीविरोधी दिवस पाळतात, पोस्टर लागतात, भाषणं होतात, आणि त्यातली निम्मी भाषणं आईबापांना नावं ठेवण्यात जातात. पोरं जन्माला घालायची आणि कामाला जुंपायची, असं आपणही चटकन बोलून मोकळे होतो. मला हे काही पटत नाही, का ते सांगतो.

बालमजूर म्हटलं की आपल्याला कारखान्यातलं नाहीतर हॉटेलात टेबल पुसणारं पोर आठवतं. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांचा 2024 चा अंदाज बघा, जगात जवळपास 13 कोटी 80 लाख बालमजूर, आणि त्यातले 61 टक्के शेतीत. म्हणजे बरीचशी पोरं घरच्याच रानात, पगार नाही की हजेरी नाही, मालक कोण तर बापच, आणि अशा ठिकाणी कुठला इन्स्पेक्टर जाणार आहे सांगा.

आता आयव्हरी कोस्ट आणि घाना घ्या, जगातला निम्म्याहून जास्त कोको या दोन देशांतून येतो. कोकोची फळं खोडालाच लागतात, ती कोयत्याने तोडायची, गोळा करून ढीग लावायचा, मग एकेक फळ हातात धरून कोयत्याने फोडायचं आणि आतला चिकट गर बियांसकट काढायचा, आंबवायचा, वाळवायचा. सगळं हातानेच. शेतकऱ्याच्या पदरात पडणारा पैसा इतका थोडा की तोडणीला मजूर लावले तर उरणार काय? मग आठ-दहा वर्षांच्या पोराच्या हातात कोयता येतो. पोर तिथं गेलं ते मोठ्या माणसाची मजुरी देणं परवडत नाही म्हणून, आणि ते का परवडत नाही हा प्रश्न चॉकलेटच्या भावापर्यंत जातो, बापापाशी थांबत नाही.

दुसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं, अचानक आलेली अडचण. घर गरीब असतंच, पण पोर शाळेत जात असतं, कसंबसं चाललेलं असतं, आणि मग एक वर्ष पीक जातं किंवा कमावता माणूस अंथरुण धरतो. टांझानियात कागेरा भागातल्या कुटुंबांचा 1990 च्या दशकात अभ्यास झाला, त्यात हेच दिसलं, पीक बुडालं की पोरांचे कामाचे तास वाढतात, पण ज्या घराकडे विकायला किंवा गहाण ठेवायला काही होतं त्या घरात तेवढे वाढत नाहीत. बँक दारात उभी करत नाही, विमा नाही, मग सावकार किंवा मुकादम उचल देतो आणि ती फेडायला अख्खं घर कामावर जातं, पोरासकट. एकदा सुटलेली शाळा परत धरणं किती अवघड असतं ते वेगळं सांगायला नको.

आणि शाळा तरी कशी? लांब, मास्तर आले तर आले, चार वर्षं जाऊन वाचता येत नाही. बाप अडाणी असला तरी हिशोब त्याला कळतो हो. फुकट म्हणतात पण वह्या, गणवेश, परीक्षा फी हे चालूच. केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शाळेची फी काढली तर पोरांची रीघ लागली, वर्गात बसायला जागा पुरेना. म्हणजे शिकवायची हौस आईबापांना नव्हती असं कसं म्हणायचं?

मालक लोकांचंही एक ठरलेलं बोलणं असतं, लहान बोटांनीच गालिच्याची बारीक गाठ बसते म्हणे. तपासणी झाली तेव्हा मोठे कारागीरही तशीच गाठ मारताना आढळले. खरं म्हणजे पोर स्वस्त पडतं आणि उलटून बोलत नाही, बाकी सगळं सांगायच्या गोष्टी.

मग बंदी घाला ना? बांगलादेशात काय झालं बघा. 1992 मध्ये अमेरिकेच्या संसदेत बालमजुरीचा माल अडवायचं विधेयक आलं, ते पास पण झालं नाही, नुसत्या धाकाने कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो पोरं काढून टाकली. ती शाळेत गेली का, तर नाही, बरीचशी खडी फोडायला, रस्त्यावर माल विकायला गेली, काही तर त्याहून वाईट धंद्यात. मग 1995 मध्ये करार झाला, आधी शाळेत जागा आणि महिन्याला थोडे पैसे, मग काम बंद. हा क्रम आधीच सुचायला हवा होता.

एक राहिलंच, मुली. आकड्यांत मुलगे जास्त दिसतात, पण आठवड्याला 21 तास किंवा जास्त घरकाम करणाऱ्या पोरी त्यात धरल्या की पारडं मुलींकडे झुकतं. आई मजुरीला गेली, पाळणाघर नाही, मग धाकट्याला कडेवर घेऊन भांडी-पाणी कोण बघणार, तर थोरली. तिला कामगार कुणी म्हणत नाही, तीसुद्धा नाही.